पाहुण्या वगळून

१२ सप्टेंबर

सभा पेटली. बहादरपूरकडचे केळीवाले मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसले होते, ते अर्ध्यातच उठून गेले. जाऊ देत. जो उठून जातो त्याला लागलेलं असतं.

मी म्हटलं, "अभिमन्यूनं आईच्या पोटात असताना चक्रव्यूह ऐकला, हे तुम्ही मानता. कीर्तनात माना डोलावता. मग पोटातल्या जिवापर्यंत आवाज पोहोचतो आणि केळीवर फवारलेलं करप्याचं औषध पोहोचत नाही? केळीच्या पानावरचा डाग तुम्हाला बांधावरून दिसतो. पोटातल्या पोरावर पडलेला डाग कोण बघणार?"

टाळ्या थांबेनात. मग मी माझ्या नातीबद्दल बोलले. गेल्या वर्षी तृप्ती, माझी लेक, पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे लोधीपुऱ्यात आली होती. त्याआधी सातव्या महिन्यापर्यंत सासरी, बहादरपुरात. तिथं घराच्या भिंतीला लागूनच केळी. पोर झाली ती ओंजळीएवढी, आणि बारशाआधीच गेली. नाव ठेवायचं राहून गेलं. पण सभेला नाव लागतं. 'एक नवजात अर्भक' म्हटल्यानं कोणाचे डोळे भरत नाहीत. म्हणून मी म्हटलं, "माझी तापी." आपोआप तोंडून आलं. बायका हुंदके देऊ लागल्या.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, "तापी कोण?"

"आपली नात."

"असं? मला कोणी कळवलं नाही." आणि टीव्ही लावला. कागदाच्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला शब्दाची काय किंमत? तिथून कागद कोराच बाहेर पडतो. नाव मधुकर, पण मध एका वाक्यात सापडायचा नाही.

तृप्तीला पुन्हा पाचवा लागलाय. फोन केला, उचलला नाही. थकली असेल.

१४ सप्टेंबर

जावई आले. महेश शेतकी शिकलेला, इकडच्या सगळ्यांसारखा अर्धा हिंदीत बोलणारा मुलगा, शांत, पण आज मान खाली घालून बसला.

"मम्मी, ते नाव तुम्ही घ्यायला नको होतं."

"मुद्द्यावर बोल."

"मुद्दा तोच आहे. तृप्ती दोन दिवस जेवली नाही." मग म्हणाला, "गावात लोक मला पूछते हैं, तेरी सास डॉक्टर है क्या? आकडे आहेत तुमच्याकडे? असतील तर दाखवा. मी खुद तृप्तीला इथं आणून सोडतो. पण तोवर माईक बंद."

आकडे! आकड्यांना मी कधी भ्याले? मोनाली माझी विद्यार्थिनी, आता पुण्याच्या एका संस्थेत असते. देशभरच्या आरोग्य पाहणीचे आकडे तिच्या हाताखालून जातात. लाखो घरं, आणि प्रत्येक आईला विचारलेलं की बाळ जन्मलं तेव्हा वजन किती होतं, घरात स्वयंपाक कशावर होतो, पाणी कुठलं. ती हे सगळं उपग्रहाच्या नकाशांवर टाकून बघते. तिला लगेच फोन केला. म्हणाली, "केळीची गावं एकीकडे, बिनकेळीची दुसरीकडे, आणि दोन्हीकडची बाळं. करते मॅडम, पण वेळ लागेल."

वेळच तर नाही. करप्याची मोठी फवारणी दसऱ्यानंतर सुरू होते. तृप्ती तिथून त्याच्या आधी निघाली पाहिजे. बाकी मला काही नको.

महेशला शब्द दिला. माईक बंद.

२ ऑक्टोबर

कॉलेजात गांधी जयंती. दोनच मिनिटं बोलेन असं सांगून गेले होते. पाऊण तास बोलले. केळीचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं, पण सत्यावर बोलायचं आणि डोळ्यांदेखत घडतं ते सोडून बोलायचं, हे मला या जन्मी जमणार नाही. तापीचा उल्लेख आला. कोणीतरी भाषण मोबाईलवर घेऊन गावभर फिरवलंय. मधुकर म्हणाले, "बरंय, आता पोरीला तिकीट न काढता घरबसल्या ऐकता येईल."

१५ ऑक्टोबर

दसऱ्यापासून तृप्तीचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बहादरपूर म्हणजे काय डोंगरापलीकडचं गाव आहे? आमच्या गच्चीवरून तिथला टॉवर दिसतो. फोन काढून घेतलाय तिचा, दुसरं काय.

न राहवून सकाळी गेले. लिंबाचं लोणचं घेतलं होतं, तिला आवडतं. विहीणबाई धुरपदाबाई दारातच उभ्या.

"झोपेल आहे ती. उठवू नका."

"मी नुसती बघते."

"काय बघायचं वो ईहीनबाई? पोटच आहे, पोस्टर नाही." आणि लोणच्याची बरणी घेऊन दार लोटून घेतलं.

दारात तृप्तीच्या चपला नव्हत्या. माणसाच्या चपलासुद्धा आत कोंडायच्या! भिंतीपलीकडं दोन माणसं पाठीवर पंप घेऊन केळीच्या ओळीतून चालली होती. पांढरा फवारा वाऱ्यावर दारापर्यंत येत होता. माझे डोळे चुरचुरले. मी रस्त्यावर उभी राहून काय काय बोलले ते आता आठवत नाही. ऐकायला एक म्हैस होती.

संध्याकाळी तृप्तीचा स्वतःहून फोन. आवाज तुटत होता. "आई, मी बरी आहे. तू बहादरपूरला येत नको जाऊ."

मागं मोर ओरडला. "मोर कुठला गं?"

"टीव्ही आहे," म्हणाली, आणि फोन गेला. कोणीतरी शेजारी उभं राहून बोलायला लावत असणार.

आणि आमचे हे! दिवसभर गायब. पेन्शनचं काम म्हणे. येताना पिशवीभर सीताफळं घेऊन आले, जंगलातली, लहान, फुटलेली. कुठून आणली विचारलं, तर "रस्त्यात." पोर तिकडं कोंडलेली आणि या माणसाला सीताफळं सुचतात.

२६ ऑक्टोबर

मोनालीचा फोन आला. मी वही-पेन घेऊन बसले होते. वहीत काहीच लिहिलं नाही.

"मॅडम, फरक नाही."

"म्हणजे?"

"केळीच्या गावांतली बाळं आणि बाकीची, वजनात फरक दिसत नाही. उलट केळीकडं किंचित चांगलंच आहे. तिकडं पैसा आहे, खाणंपिणं बरं असेल. फवारणीनं काही होत नाही असं मी म्हणत नाहीये. मला दिसलं नाही, एवढंच."

"मग दिसलं तरी काय तुला?"

"चूल. जंगलाकडच्या गावांत जिथं अजून लाकडावर रांधतात, तिथं वजन कमी. ते मात्र साफ दिसतंय."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चूल! माझ्या आईनं सगळी बाळंतपणं चुलीपुढं काढली. चुलीची कुठं कंपनी नसते, चुलीच्या बाजूनं कुठला वकील उभा राहत नाही, म्हणून सगळं खापर चुलीवर! गरिबाच्या घरातल्या धुरावर बोट ठेवायचं आणि श्रीमंताच्या शेतातल्या धुराला नमस्कार करायचा!"

ती म्हणाली, "मॅडम, जे दिसतं तेच लिहावं, हे तुम्हीच वर्गात सांगायचात."

मी फोन ठेवला.

महेशला काय सांगू? आकडे आले, पण ते तुझ्या बाजूनं बोलतात? उद्या हेच आकडे बहादरपूरच्या पारावर वाचून दाखवतील. आणि भिंतीपलीकडं तो पंप चालूच आहे. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली. एका पोरीला दोन कोस अलीकडं आणायला त्यातलं एक वाक्य कामाला येत नाही.

३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. तृप्ती आली नाही. भाऊबीजेला महेशची बहीण आली नाही म्हणून महेशच तिकडं गेला, असं मधुकर म्हणाले. त्यांना कसं कळलं ते विचारायचं राहिलं. महेशला मी अजून काही सांगितलेलं नाही.

१० नोव्हेंबर

तृप्तीचं डोहाळजेवण. निरोप आला तोच असा: "या, पण भाषण नको."

बहादरपूरच्या अंगणात केळीचे खांब बांधून झोपाळा केलेला. तृप्ती हिरव्या साडीत. रंग उन्हानं रापलाय. मिठी मारली तर केसांना धुराचा वास. गॅस असलेल्या घरात माझ्या पोरीला चुलीपुढं बसवतात! मी काही बोलणार तेवढ्यात तिनं माझा हात दाबला. "आई, आज नको."

महेशची बहीण सुमित्रा तिच्या शेजारून हलेना. ही डोईफोडियाला दिलेली, जंगलाच्या कडेला. पाणी तीच देणार, घास तीच भरवणार, उशी तीच सारखी करणार. पहाराच. पेढा-बर्फीच्या वाट्या उघडताना तिनं सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "नाव तं आत्याच ठेवते ना वो, उषाताई?"

सगळ्या बायका ताटाकडं बघायला लागल्या. खेडवळ रुसवा! एवढा मोठा प्रश्न समोर आणि हिला मानपान सुचतो.

मग पंगत बसली. एक म्हातारी म्हणाली, "आता हे दुसरं इथंच होऊ द्या. पहिलं माहेरी झालं."

"पहिलं माहेरीच होते," धुरपदाबाई वाढता वाढता म्हणाल्या. "कोणाचं दुसरं बी. आमच्या बहादरपुरात पोरं जनमतच नाहीत वो माय. आमच्या गावात पोरं येतात. सव्वा महिन्याची, तीन महिन्याची, टोपरं घालून, मामाच्या गाडीत बसून!"

बायका हसल्या. मीही हसले. आणि घास तसाच हातात राहिला.

उठले, हात न धुताच मोनालीला फोन लावला. "तुमच्या पाहणीत बाई कुठली हे कसं ठरवतात?"

"घरी जाऊन विचारतात मॅडम, काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं? जी झोपली तिला प्रश्न विचारायचे. नेहमी राहणारी असेल तर तसं लिहायचं. नसेल तर पाहुणी."

"आणि बाळंतपणाला माहेरी आलेली?"

"पाहुणी."

"पाहुण्यांचं तू काय केलंस?"

"वगळल्या. सगळेच वगळतात. पाहुणीचा तिथल्या हवापाण्याशी संबंध नाही असं धरतात."

पाहुणी! पोटातल्या बाळासकट सात महिने बहादरपुरात फवारा गिळला, ओली बाळंतीण होऊन माहेरच्या खाटेवर टेकली, आणि पाहणीनं तिला पाहुणी म्हणून पुसून टाकलं. आमच्याकडं लेकीला माहेरवाशीण म्हणतात. त्या देशभरच्या आकड्यांत या शब्दाला घरच नाही.

"घे त्यांना परत!" मी म्हटलं. "सासरचं गाव लावून मोज!"

"त्या कुठून आल्या हे विचारलेलंच नाही मॅडम. तो प्रश्नच नाही. आणि दोन-तीन वर्षांची पोरं सासरीच मोजली गेलीत, त्यामुळे यानं किती बदल होईल, की होणारच नाही, सांगता येत नाही."

सांगता येत नाही. शास्त्र म्हणून शिकली आणि शेवटी हे. पण मला कळलंय. बस्स.

निघताना तृप्तीला कानात म्हटलं, "माझ्याबरोबर चल. आत्ता." ती सुमित्राकडं बघत म्हणाली, "मी ठीक आहे गं. खरंच."

११ नोव्हेंबर

महेशला फोन करून सगळं समजावलं. पाहणी चुकीची, मोजणी चुकीची, म्हणून आकडे चुकीचे. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.

"मम्मी, मला आता आकडे नकोत."

"मग सोड तिला!"

"भरोसा रखो, मम्मी."

कशावर?

२० नोव्हेंबर

पाहणीनं न विचारलेला प्रश्न मीच विचारायचा ठरवला. बाई, पोटुशी होतीस तेव्हा कुठं राहत होतीस? साधा प्रश्न. बहादरपुरात घरोघर गेले. काही दारं वाजवायच्या आधीच लागली. एका ओट्यावर तांदूळ निवडणारी तरणी बाई मात्र हलली नाही. तिचंही एक मूल गेलेलं, असं ऐकून होते. प्रश्न विचारला. तिनं सूप खाली ठेवलं.

"ताई, माझ्याबी पोराले माईकवर नाव देणार का?"

मी वही मिटली आणि पुढच्या दाराकडं वळले.

२ डिसेंबर

तृप्तीला आठवा. स्वप्नात ती केळीच्या ओळीत उभी असते आणि मी व्यासपीठावरून हाका मारते. माईक माझा आवाज घेत नाही. आज पुन्हा सकाळी मधुकर पिशवीत एक स्वेटर घेऊन "कामाला" गेले. विचारलं, कोणाचा स्वेटर? "थंडी पडलीय," म्हणाले.

१४ डिसेंबर

फोन आला तो मधुकरच्या मोबाईलवर. माझ्या नाही. ऐकता ऐकता ते खुर्चीवर बसले. "चल. दवाखान्यात. झाली."

जवळजवळ दोन महिने आधी. मुलगी. पावणेदोन किलो. सरकारी दवाखान्यात काचेच्या आत, नळ्या लावून ठेवलीय. श्वासाबरोबर तिच्या बरगड्या आत ओढल्या जातात, मग वर येतात. प्रत्येक वेळी वाटतं, आता येणार नाहीत.

बाहेरच्या बाकावर महेश, धुरपदाबाई, सुमित्रा. त्यांना बघितलं आणि माझा तोल गेला. मी ओरडले. सबंध व्हरांड्याला ऐकू गेलं असेल. "आता तरी मानता? आणखी किती पाहिजेत? भिंतीला लागून विष फवारता आणि पोटुशीला कोंडून ठेवता!"

महेश उठला. त्याचे डोळे सुजलेले.

"मम्मी, दसऱ्यापासून ती बहादरपुरात नव्हती."

मला कळेचना.

"फवारणी सुरू व्हायच्या आधीच सुमित्राताईकडं नेऊन सोडली, डोईफोडियाला. तुम्ही म्हणत होता तेच तृप्तीच्या मनात बसलं होतं. माझ्या पण. एकदा पोर गेल्यावर कोण रिस्क घेईल? डोहाळजेवणाला तेवढी एक दिवस आणली."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी माईकवर असतं. बहादरपूरचा पोरगा स्वतःच्या बायकोला गावातून पळवतो म्हणून. मला त्याच गावात राहायचंय, मम्मी."

मी मधुकरकडं बघितलं. ते चष्मा पुसत होते. सीताफळं. स्वेटर. मोर. सगळ्यांना ठाऊक होतं. एकटी मी बहादरपूरच्या रस्त्यावर उभी राहून म्हशीला भाषण देत होते.

म्हणजे माझं ऐकलं होतं त्यांनी. आकड्यांशिवाय ऐकलं होतं. तरी पोर अशी का झाली?

तेव्हा तो वास आठवला. सुमित्राच्या शेजारी बसले. आवाज माझा मलाच ओळखू येईना. "तुझ्याकडं गॅस आहे ना गं?"

"आहे ना. चहापुरता. सिलिंडर महाग पडते वो, बाकी चूल." मग घाईघाईनं म्हणाली, "पण मी तिले काडीलाबी हात लावू दिला नाही, उषाताई! सोन्यावानी ठेवली. नुसती चुलीजवळ बसायची. थंडी ना आमच्याकडं. ऊब घ्यायची."

ऊब.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "काऊन? काही चुकलं का आमचं?"

"नाही," मी म्हटलं. मोनालीचं बोलणं मी तिला सांगितलं नाही. सांगणारही नाही. चूल होती का फवारा, की पहिल्या वेळचंच काही तृप्तीच्या शरीरात राहिलं होतं, मला ठाऊक नाही. मोनालीलाही नसेल. सांगता येत नाही.

नर्स बाहेर आली. "बच्ची की माँ कहाँ की है? पता बोलो."

महेश म्हणाला, बहादरपूर. सुमित्रा म्हणाली, डोईफोडिया. मधुकर त्याच वेळी म्हणाले, लोधीपुरा.

"अरे, एक जगह बोलो! अम्मा, आप बताओ."

सगळे माझ्याकडं बघत होते. धुरपदाबाई हळूच म्हणाल्या, "बोला ना ईहीनबाई. आज काऊन गप?" टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या.

मी म्हटलं, "उससे पूछो. तृप्ती से."

१७ डिसेंबर

अजून काचेतच. काल रात्री दूध पचलं नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा.

तृप्तीला खुर्चीवर बसवून काचेपर्यंत आणतात. माझ्याशी ती फार बोलत नाही. मीही तिला काही विचारलेलं नाही. दुपारी थकून परत खाटेवर जाताना म्हणाली, "आई, आता तू जा आत. बोल तिच्याशी. पोटात ऐकलेला आवाज बाळं ओळखतात म्हणे."

आत एका वेळी एकच बाई सोडतात. हिरवा गाऊन चढवला, हात धुतले, काचेच्या पेटीला असलेल्या गोल झरोक्यातून हात आत घातला. तिचा तळवा माझ्या नखाएवढा. पायाला पट्टी, त्यावर हिंदीत लिहिलेलं: तृप्ती की बच्ची.

"बोलो अम्मा," नर्स म्हणाली, "सुनती है."

मी तोंड उघडलं. दसऱ्यापासून पुढं ही पोटात असताना मी तिच्या आईजवळ नव्हते. हिनं माझा आवाज ऐकला असेल तर तो मोबाईलवर फिरलेल्या भाषणातलाच. त्यात मी तिच्या बहिणीला हाक मारत होते, कोणी न ठेवलेल्या नावानं.

आणि हाक मारायची तर नाव पाहिजे.

काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. सुमित्रा पदरानं चेहरा पुसत बसली होती. दसऱ्यापासून त्या सगळ्या दिवसांत तृप्तीशी बोलणारा, रात्री निजताना पोटाजवळ ऐकू येणारा आवाज तिचा होता.

मी हात बाहेर काढला. दार उघडून गाऊन उतरवला आणि सुमित्राच्या हातात दिला.

"तू जा," म्हटलं. "तुझी ओळख आहे तिला. आणि नाव ठरवलं असशील तर कानात सांग. मोठ्यानं नको."